पुस्तकातून आलेले लोकगीत

लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो आणि ते तोंडातोंडी चालत येते, अशी व्याख्या आपण पाठ करतो. मग ज्याचा कर्ता ठाऊक आहे आणि जे छापील कादंबरीवरून रचले आहे, त्या गाण्याला त्या पंगतीत बसू द्यावे काय? ‘स्टीलाय स्पॅन’ या इंग्लिश बँडच्या ‘विंटरस्मिथ’ (२०१३) या ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा बँड १९६९ साली निघाला. जुन्या लोकगीतांना विजेच्या गिटारची साथ द्यायची, हा त्याचा मार्ग. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकांनी संकलित केलेली ३०५ कथागीते १८८२ ते १८९८ या काळात छापून निघाली. त्यांतले चेटकिणीचे ‘ॲलिसन ग्रॉस’ बँडने १९७३ मध्ये आणि परीराणीचे ‘टॉमस द रायमर’ १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित केले. म्हणजे ही ‘अस्सल’ गाणीही मध्ये एकदा पुस्तकात मुक्काम करून आलेलीच होती!

कादंबरीकार टेरी प्रॅचेट हे या बँडचे जुने चाहते. त्यांच्या कादंबऱ्यांत चेटकिणी आणि परीराणी पुन्हा भेटतात. त्यांच्या ‘विंटरस्मिथ’ (२००६) मध्ये टिफनी ही कोवळी चेटकीण हिवाळ्याच्या स्वागताच्या नाचात शिरते आणि हिवाळाच तिच्यावर भाळतो. तिच्यासाठी त्याला माणूस व्हायचे असते. माणूस कशाचा बनतो, हे तो मुलांच्या एका बडबडगीतातून शिकतो. लोखंड, चुना, पाणी हे सारे तो जमवतो; पण गीताच्या शेवटी सांगितलेले माणुसकीचे गुण काही त्याला गोळा करता येत नाहीत. ध्वनिमुद्रिकेतील ‘द मेकिंग ऑफ अ मॅन’ हे गाणे याच प्रसंगावर आहे.

मला तर ही लोकगीताचीच कसोटी वाटते. जुनी चाल, फिडल, ऋतूंचे उल्लेख हा झाला लोखंड-चुना. तो कोणीही जमवील. येथे मात्र त्यापलीकडचे काही आहे. संस्थापक-गायिका मॅडी प्रायर आणि फिडलवादक पीटर नाइट यांच्यामागे कित्येक दशकांचे गाणे आहे. कादंबरी न वाचलेल्या श्रोत्याला काही गाणी परकी वाटतील, हा दोष खरा. पण टिफनीची भीती आणि हिवाळ्याचे एकटेपण समजायला पुस्तक लागत नाही.

माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमची गाणी आजीच्या ओठांवर आहेत, पुस्तके माझ्या हातात. म्हणून ‘छापले की लोकगीत मेले’ असे कोणी म्हटले की मला ते लागते.

नाइट २०१३ अखेर बँडमधून बाहेर पडले. प्रॅचेट २०१५ मध्ये वारले. गाणी राहिली. कंठातून कागदावर गेलेले गाणे पुन्हा कंठात येऊ शकते, एवढे तरी या ध्वनिमुद्रिकेने सिद्ध केले आहे. मात्र त्यासाठी वाचणाऱ्याने गायलाही हवे.