अर्ज बाईपर्यंत नेण्याची चेन्नईची रीत

तमिळनाडूत १५ सप्टेंबर २०२३ पासून 'कलैग्नर मगळिर उरिमै तोगै' योजनेत पात्र कुटुंबप्रमुख बाईला महिना १००० रुपये मिळू लागले. नोंदणी ऑनलाइन झाली, तरी तिच्यासाठी बाईकडे स्वतःचा मोबाइल असण्याची गरज नव्हती. चेन्नईच्या वस्त्यांत वापरलेली ही रीत आपल्या बचत गटाला किंवा मंडळालाही जमेल.

आधी रेशन दुकानागणिक यादी करा. चेन्नईत दुकानाच्या कर्मचाऱ्यांनी अर्ज आणि टोकन घरी नेऊन दिलं. टोकनवर अर्ज भरण्याच्या शिबिराचा दिवस आणि वेळ असल्याने रोजंदारीचा खाडा कमी पडतो. रेशन कार्ड नसलेल्यांची यादी वेगळी ठेवा. तीच माणसं सगळ्यांत आधी सुटतात.

शिबिरात अर्ज स्वयंसेवकाने भरावा. अंगठा घेण्याआधी तो बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवा. धुणीभांडी आणि बांधकाम करणाऱ्या हातांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत. हात पुसून दुसरं बोट लावा, नाहीतर ओटीपी घ्या. तो कुणाच्या फोनवर येतो हे टोकन देतानाच विचारा, कारण तो अनेकदा मुलाच्या फोनवर येतो आणि शिबिराच्या वेळी मुलगा कामावर असतो.

सगळ्यांत जास्त वेळ बँक खात्याला द्या. आधारशी कोणतं खातं जोडलंय आणि ते चालू आहे का, हे पासबुक घेऊन बँकेतच तपासा. पैसे अनेकदा भलत्याच, विसरलेल्या खात्यात जातात. २०२३ मध्ये काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड याच हजारातून कापला आणि राज्य सरकारला त्यांना ताकीद द्यावी लागली. म्हणून शून्य शिल्लक चालणारं खातं आधी उघडून घ्या.

अर्ज नाकारला तर कारण मागा. तमिळनाडूत ते एसएमएसने कळवलं गेलं आणि ३० दिवसांत ई-सेवै केंद्रातून अपील करता येत होतं. एसएमएस वाचता न येणाऱ्या बाईची ही मुदत नकळत टळते. ती तारीख तुमच्या वहीत हवी.

शिबिरापर्यंत येऊ न शकणाऱ्यांच्या घरी स्वतः जा. रेशनच्या बाबतीत हेच झालं: १२ ऑगस्ट २०२५ ला चेन्नईतून सुरू झालेल्या 'तायुमानवर' योजनेत सत्तरी ओलांडलेल्या आणि अपंग कार्डधारकांकडे धान्याची गाडी वजनकाटा आणि ठशाचं यंत्र घेऊन जाऊ लागली.

या मदतीचा एक रुपयाही घेऊ नका, आणि काम संपताच आधार कार्डांचे फोटो आपल्या फोनमधून पुसून टाका.