चौथीचा वर्ग आणि पडद्यावरची प्रश्नमंजुषा

प्राथमिक वर्गातील परस्परसंवादी साधन म्हणजे असे साधन, की ज्यात मुलाने काही केल्याशिवाय पडद्यावर पुढे काही घडत नाही. ही व्याख्या काटेकोरपणे लावली, तर शाळांत ‘डिजिटल’ म्हणून चालणारे बरेचसे काम तिच्याबाहेर राहते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून उघडला, की अनेकदा चित्रफीत लागते. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षाचा उपयोग मोठा आहे, पण चित्रफीत पाहणारे मूल प्रेक्षकच असते. मूल करते आणि पडदा त्याला उत्तर देतो, अशी साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत: प्रश्नमंजुषा, सगळ्यांनी मिळून लिहायची सामाईक भिंत, आणि हाताळून पाहायच्या प्रतिकृती. प्रस्तुत लेखिकेने हे तिन्ही प्रकार जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरी-चौथीला वापरले. पहिल्या दोन वर्षांत त्यांत ज्या चुका झाल्या, त्यांतूनच पुढील विवेचन आले आहे.

प्रश्नमंजुषा हा सर्वांत लोकप्रिय प्रकार. २०१३ मध्ये नॉर्वेत सुरू झालेले काहूट हे त्यातले जगभर माहीत असलेले नाव. प्रश्न मोठ्या पडद्यावर दिसतो, त्याखाली लाल त्रिकोण, निळा तिरपा चौकोन, पिवळे वर्तुळ आणि हिरवा चौरस असे चार पर्याय येतात, घड्याळ उलटे मोजू लागते. अशा साधनांत बरोबर उत्तर जितके लवकर, तितके गुण जास्त, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावे झळकतात. मुले आनंदाने ओरडतात, शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावतात, केंद्रप्रमुख फोटो काढतात. साधन चालले, असे सर्वांना वाटते.

वेगाला गुण देणाऱ्या अशाच एका साधनावर लेखिकेने अपूर्णांकांची दहा प्रश्नांची मंजुषा घेतली होती. पालकांकडून आणलेले सहा फोन आणि प्रत्येक फोनभोवती सहा-सात मुले. उत्तरांचा तक्ता पाहता वर्गाला धडा समजला होता. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पाटीवर विचारला: एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? निम्म्याहून अधिक पाट्यांवर ‘एक अष्टमांश’ होते, कारण आठ हा चारापेक्षा मोठा. आदल्या दिवशीची बरोबर उत्तरे सहा बोटांची होती. बाकीच्या मुलांनी ‘लाल दाब, लाल!’ एवढेच केले होते. त्या गर्दीत एक मुलगी तिसऱ्या प्रश्नानंतर मागे सरकून भिंतीला टेकून बसली होती, हेही लेखिकेच्या उशिरा ध्यानात आले. विचारल्यावर ती म्हणाली, “बाई, मला येत होतं. वाचून होईपर्यंत संपायचं.” पाटीवर तिचे उत्तर बरोबर होते.

या प्रसंगात साधन बिघडलेले नव्हते. जे मोजण्यासाठी ते बनवले आहे, ते म्हणजे वेग, त्याने चोख मोजले. चौथीतल्या मुलांचा वाचनाचा वेग मात्र फार वेगवेगळा असतो. वीस सेकंदांत एक मूल प्रश्न वाचून, विचार करून, उत्तर देऊन रिकामे होते आणि दुसरे अजून जोडाक्षरावर अडलेले असते. अशा वेळी गणिताच्या नावाखाली वाचनाचीच परीक्षा होते. शिवाय चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले, तरी सरासरीने चारांतले एक उत्तर बरोबर येतेच, म्हणजे दहापैकी दोन-तीन गुण काहीही न येता मिळतात. वेगाला बक्षीस असेल, तर अंदाजाने दाबणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो आणि मुले तो पटकन ओळखतात. त्यांना याचा दोष देणे अन्यायाचे आहे.

दुरुस्ती अवघड नाही. यांपैकी बहुतेक साधनांत वेळ वाढवता येतो, गुणांचा तक्ता बंद ठेवता येतो, आणि प्रश्न शिक्षकाने मोठ्याने दोनदा वाचल्यावरच पर्याय उघडता येतात. सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत दुहेरी प्रश्नाची आहे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे. बरोबर उत्तर जाहीर करायचे नाही. मग शेजाऱ्याला आपले कारण सांगायचे. आणि तोच प्रश्न पुन्हा. या दोन फेऱ्यांच्या मधली दोन-तीन मिनिटे वर्गातली सर्वांत मोलाची मिनिटे असतात. ‘भाकरीचे चार तुकडे केले तर चतकोर केवढा, आठ केले तर केवढा’ हे एका मुलाने दुसऱ्याला हातवारे करून सांगितले, की आठ आणि चाराचा गोंधळ बराच कमी होतो. चतकोर, पाव, पाऊण, सव्वा हे शब्द मुलांच्या घरात आधीपासून असतात. पडद्यावरच्या प्रश्नात ते आणणे शिक्षकाच्या हाती आहे. अशा रीतीने दहा प्रश्नांच्या जागी तीनच होतात, आणि तेवढे पुरे असतात.

मुलांच्या हातात फोन न देताही प्रत्येकाचे वेगळे उत्तर मिळू शकते. प्लिकर्स या साधनात प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले काळ्या ठोकळ्यांचे एक वेगळे चिन्ह मिळते. कार्डाची कोणती बाजू वर धरली, यावरून उत्तर ठरते. शिक्षक आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिले ते नोंदले जाते. पर्यायांची अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते. एका फोनच्या शाळेसाठी, म्हणजे आपल्याकडच्या असंख्य शाळांसाठी, याहून योग्य साधन लेखिकेच्या पाहण्यात नाही. दोन व्यावहारिक सूचना आवश्यक आहेत. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नये, कारण उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला चिन्ह वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत. आणि कार्ड धरताना बोटे चिन्हावर येऊ नयेत, याचा सराव पहिल्या दिवशी खेळ म्हणून घ्यावा.

हाताळायच्या प्रतिकृतींत फेट हा संच अग्रगण्य आहे. नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात तो सुरू केला. तो विनामूल्य आहे आणि त्यातील अनेक प्रतिकृती मराठीतही आहेत. अपूर्णांकांच्या प्रतिकृतीत छेद वाढवला, की वर्तुळाचे भाग मुलाच्या डोळ्यांदेखत लहान होत जातात. एक अष्टमांश लहान का, हे इथे कोणी सांगावे लागत नाही. पण इथेही एक चूक हमखास घडते, आणि ती लेखिकेकडून वर्षभर घडली: माउस शिक्षकाच्या हातात राहतो. शिक्षक बदल करून दाखवतो, मुले ‘हो बाई’ म्हणतात, आणि प्रतिकृतीची पुन्हा चित्रफीत होते. बटण दाबण्याआधी ‘आता काय होईल?’ हे प्रत्येकाने पाटीवर लिहावे, मग एका मुलाने पुढे येऊन दाबावे, हा क्रम पाळला की फरक लगेच दिसतो. ज्याचा अंदाज चुकला, ते मूल सर्वांत लक्ष देऊन पाहते. पाच-दहा मिनिटे मुलांना काहीही न सांगता चाळवू देणे हेही हवे. तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण नंतरचे प्रश्न त्यातूनच येतात.

सामाईक भिंत म्हणजे पडद्यावरचा असा फळा, की ज्यावर प्रत्येक जण आपापल्या जागेवरून चिठ्ठी चिकटवू शकतो. पॅडलेट हे त्याचे परिचित उदाहरण. भाषेच्या तासाला, विशेषतः बुजऱ्या मुलांसाठी, हा प्रकार फार चांगला आहे. त्यातला धोका मात्र शिक्षकाने आधीच ओळखला पाहिजे. लेखिकेने असा एक फळा नावाशिवाय लिहिण्यास खुला ठेवला होता. ‘माझा पावसाळा’ या विषयावर चिठ्ठ्या येत असताना एका मुलाच्या रंगावरून चिडवणारी ओळ मोठ्या टीव्हीवर आली. ती काढायला अर्धे मिनिट लागले. तेवढ्यात सगळ्या वर्गाने ती वाचली होती. कोणी लिहिले ते कळण्याचा मार्ग नव्हता, आणि ज्याच्याबद्दल लिहिले ते मूल त्या आठवड्यात दोन दिवस शाळेत आले नाही. ही चूक शिक्षिकेची होती. चिठ्ठी आधी शिक्षकाकडे यावी आणि मंजुरीनंतरच दिसावी, ही सोय अशा साधनांत असते. लहान मुलांच्या वर्गात ती सुरू असल्याशिवाय फळा उघडू नये. टोपणनावे घेऊ देणाऱ्या प्रश्नमंजुषांनाही हेच लागू आहे. हजेरी क्रमांक हे सर्वांत सुरक्षित नाव.

मराठीतून ही साधने वापरताना काही अडचणी खास आपल्या येतात. टंकलिखित उत्तर आपोआप तपासणारे साधन केवळ चिन्हे जुळवते. मुलाने देवनागरी ५ लिहिला आणि उत्तरसूचीत इंग्रजी अंक असेल, तर बरोबर उत्तर चूक ठरू शकते. ‘दऱ्या’ लिहिताना अर्धा र नीट न उमटता ‘दर्या’ झाला, की डोंगरातून थेट समुद्रात! ‘विद्यार्थी’ हा वाचताना तीन अक्षरांचा शब्द युनिकोडमध्ये दहा चिन्हांचा होतो. त्यामुळे चिन्हांची मर्यादा असलेल्या चौकटीत मराठी प्रश्न लवकर संपवावा लागतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली जुनी प्रश्नपत्रिका तशीच चिकटवली तर निरर्थक अक्षरे दिसतात, ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. म्हणून प्राथमिक वर्गात टंकलेखनाची उत्तरे टाळावीत. निवडणे, ओढून जोडणे किंवा वहीत लिहिणे बरे. एखाद्या मुलाच्या शुद्ध उत्तराला यंत्राने चूक म्हणावे आणि मुलाने स्वतःवर शंका घ्यावी, हे फार वाईट आहे.

पालकांचे फोन वर्गात आणण्याची पद्धत लेखिकेने बंद केली. फोन आणता येतो तो ज्याचे वडील त्या दिवशी कामावर गेलेले नाहीत त्याला, आणि ज्याच्या घरी स्मार्टफोनच नाही त्याची गैरसोय सर्वांसमोर उघडी पडते. त्या फोनवर घरच्यांचे संदेश आणि जाहिरातीही येत राहतात. शिक्षकाचा फोन टीव्हीला जोडतानाही सूचना बंद ठेवाव्यात. खासगी संदेश वर्गासमोर उघडण्यास एक क्षण पुरतो.

मुलांची खाती उघडण्याबाबत कायदाही जाणून घ्यावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद त्यात आहे. व्यवहारात सोपा मार्ग असा की, खाते फक्त शिक्षकाचे असावे, मुलांचे पूर्ण नाव, फोटो, जन्मतारीख कुठेही भरू नये, आणि पालकसभेत साधन प्रत्यक्ष चालवून दाखवावे.

वीज आणि रेंज यांबद्दल कोणाला सांगायला नको. फेटच्या प्रतिकृती आधी उतरवून घेतल्या तर इंटरनेटशिवाय चालतात, एवढे ध्यानात ठेवावे. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे साधनेच बंद पडतात. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर बनवलेले असंख्य शैक्षणिक खेळ एका रात्रीत निरुपयोगी झाले. शिक्षकांत आवडता असलेला गूगलचा जॅमबोर्ड २०२४ अखेर बंद झाला. म्हणून प्रश्नांचा संच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळा ठेवावा, भिंतीवरच्या चिठ्ठ्या सत्राअखेर पीडीएफ करून घ्याव्यात, आणि प्रतिकृतीत जे दिसले त्याचे चित्र मुलांनी त्याच तासाला वहीत काढावे. लेखिकेच्या वर्गात आता शेवटची दहा मिनिटे टीव्ही बंद असतो. मुले वर्तुळे काढून त्यांचे चार आणि आठ भाग करतात, खाली कारण लिहितात, आणि ती वही संध्याकाळी घरी जाते.