मदरबोर्डवर आळ घेण्याआधी

पुणे, १२ मे

चि. अनघा हिस,


तुझा लॅपटॉप भर दुपारी आपोआप बंद पडतो आणि दुकानदाराने न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय’ असं सांगितलं, हे ताईकडून कळलं. इतक्यात पैसे देऊ नकोस.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचं तापमान जास्तीत जास्त ३५ अंश दिलेलं असतं. संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि सिडकोतली तुझी खोली तर थेट गच्चीखाली. त्यात तू लॅपटॉप गादीवर ठेवणार! मग खालच्या जाळीतून हवा जायची कुठून? प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो आणि १०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून मशीन बंद होतं. तेव्हा तेच काम पहाटे, टेबलावर ठेवून कर. पहाटे नीट चालला आणि दुपारी पडला, तर बोर्डापेक्षा पंख्यातल्या धुळीवर संशय घे. आपल्याकडची धूळ बारीक. जाळीत तिचा नमदा बसतो. ब्लोअर मारताना लॅपटॉप बंद हवा, चार्जर काढलेला हवा आणि पंख्याची पाती काडीने अडवलेली हवीत. नाहीतर ती भरधाव फिरून बेअरिंग जातं. गारव्यासाठी कूलरसमोर मात्र ठेवू नकोस, पाण्याचे तुषार उडतात.

चार्जिंग चालू असताना कर्सर उड्या मारतो आणि हाताला झिणझिण्या येतात, असंही ताई म्हणाली. चार्जर काढल्यावर हे थांबतं का, ते बघ. थांबत असेल तर टचपॅड बदलायचं कारण नाही, अर्थिंग तपासायला हवं. ॲडॉप्टरमधल्या फिल्टरमधून किंचित करंट झिरपतो. तीन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये तो अर्थच्या वायरने जमिनीत जातो. तू दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड लावलास की त्याची वाट बंद. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते, तेव्हा तीन पिना असूनही पुरेसा उपयोग होईलच असं नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही मार्चपासूनच त्या खड्ड्यांत पाणी ओतायचो. घरमालकांना तेवढं सांग आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घे.

लॅपटॉप अजिबात चालूच होत नसेल, तर चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर, मग पुन्हा लाव. मैत्रिणीचा चार्जर लावून बघायचा तर व्होल्ट तेवढेच हवेत; अँपिअर जास्त असले तर चालतील, कमी नकोत. पंखा फिरतोय पण पडदा काळा असेल, तर टीव्हीला जोडून बघ. तिथे चित्र आलं तर दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. तिथेही नाही आलं तर रॅम काढून पुन्हा नीट बसवायला सांग. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदल. दोन एकदम बदलल्या आणि लॅपटॉप सुरू झाला, तर कशाने झाला हे कुणालाच कळत नाही. तिथेच दुकानदाराचं फावतं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र स्वतः काही करू नकोस. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे असं समज. वापर आणि चार्जिंग तिथल्या तिथे थांबव. ती टोचायची नाही, दाबायची नाही, घंटागाडीत तर टाकायचीच नाही. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप अनेकदा फॉरमॅट होऊनच परत येतो. म्हणून आज रात्रीच प्रोजेक्टची कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर घे, पंख्याला हात त्यानंतर लाव. लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटोही पाठव. मॉडेल क्रमांक कळला तर गरज पडल्यास पंखा मी इथून घेऊन पाठवीन.

तुझा,
मामा