बालपणींची बुद्धि येते कोठून?

गेल्या चातुर्मासांत कीर्तन आटोपल्यावर एका माउलीनें आम्हांस विचारलें, "महाराज, शेजारचें पोर सात वर्षांचें, अख्खा हरिपाठ मुखोद्गत म्हणतें. माझ्या नातवाला दोन अभंग येत नाहींत. आमचें पूर्वपुण्यच कमी का हो?" आम्हीं हसून वेळ मारून नेली. मग रुखरुख लागली. म्हणून हें लिहितों.

गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुन विचारतो, योगांत अर्ध्यावर राहिलेल्याचें काय होतें? भगवंत सांगतात, केलेलें वायां जात नाहीं. पुढल्या जन्मीं त्यास मागील बुद्धि लाभते. पण जन्म कोठें? शुचिमंतांच्या घरीं, नाहींतर योग्यांच्याच कुळांत. आणि तेथून तो पुन्हां यत्न करितो. पाठशाळेंत हे श्लोक आम्हीं घोकले खरे. पण घर आणि यत्न, या दोन गोष्टींकडे कित्येक वर्षें आमचें लक्षच गेलें नाहीं!

माउलींनीं शके १२१२ मध्यें नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली. जन्मशक ११९७ धरला तर वय अवघें १५. एवढें सांगून आपण टाळी घेतों. पण वडील विठ्ठलपंत शास्त्र जाणणारे, थोरले बंधु निवृत्तिनाथ हेच गुरु. आणि ग्रंथाच्या शेवटीं माउली स्वतः गुरुपरंपरा सांगतात, तें राहूनच जातें.

अलीकडचे कुमार गंधर्व घ्या. जन्म १९२४, बेळगांवजवळ सुळेभावीस. लहानपणींच थोर गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. ऐकणारे थक्क होत. परंतु घरीं वडील गाणारे. पुढें मुंबईस बी. आर. देवधरांकडे ते वर्षानुवर्षें शिकले, तेव्हां कोठें नक्कल सुटून स्वतःचें गाणें आलें.

आतां आमची चूक सांगतों. नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्यामागें टाळकरी म्हणून उभा राही. निरूपण एकदां ऐकलें कीं जसेंच्या तसें म्हणे. 'पूर्वजन्मींची शिदोरी' म्हणून आम्हींच त्याला नारदाच्या गादीवर उभें केलें, हार घातले, गांवोगांव नेलें. शिकविलें मात्र कांहींच नाहीं. आणूनच आला आहे, त्याला काय शिकवावयाचें? पुढें आवाज फुटला, बोलावणीं थांबलीं. अर्थ तर कोणीं दिलाच नव्हता. आज तो वारीलाहि येत नाहीं.

त्या माउलीची पुन्हां गांठ पडली म्हणजे पुण्याचा हिशेब बाजूस ठेवून आम्ही एवढेंच विचारणार आहोंत, "बाई, संध्याकाळीं तुमच्या घरीं नातवाला जवळ घेऊन हरिपाठ कोण म्हणतें?"