पिन सगळ्यांत शेवटी

माळ्यावरचा व्हॉल्व्हचा टीव्ही खाली उतरवला की घरातल्या कुणाला तरी हुक्की येतेच, "लावून तर बघूया की, काय हुतंय!" माझी सगळी हयात टीव्हीदुरुस्तीत गेली. असे संच माळ्यावर मरत नाहीत. ते मरतात खाली आल्यावर, पिन लावल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत.

कोल्हापुरात हे संच मुळात थोडे. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुण्याला १९७३ मध्ये सिंहगडावरून चित्र दिसू लागलं. आपल्यासारख्या गावांत टीव्ही खऱ्या अर्थानं पसरला तो १९८४ पासून, इन्सॅट-१बी उपग्रहाच्या जोरावर ठिकठिकाणी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली तेव्हा. तोवर व्हॉल्व्ह मागे पडून ट्रान्झिस्टर आणि आयसी आले होते. त्यामुळे इथं सापडणारा व्हॉल्व्हचा संच बहुधा मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी नवा घेतला तेव्हा गावी धाडलेला असतो. लाकडी कपाट, सरकती शटरं, चार तिरके पाय, आणि नशीब असेल तर मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला सर्किटचा कागद. बाकी कशालाही हात लावण्याआधी त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. सोलायला गेलात तर हातात भुगा येईल.

मागे एका तालमीच्या पोरांनी गणपतीच्या देखाव्यासाठी असा संच मिळवला. देखाव्यात जुन्या काळातलं घर उभं करायचं होतं आणि त्यात टीव्ही चालू हवा होता. पावसाळा अजून सरला नव्हता, भिंतींना ओल होती. माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी त्यांना संच "चेक" करून दिला होता. चेक म्हणजे काय, तर थेट पिन! व्हॉल्व्ह पेटले, बारीक शिट्टी ऐकू आली, पडद्यावर उजेड आला, पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या म्हणे. मग तडतड सुरू झाली आणि जळक्या मेणाचा वास आला.

संच माझ्या टेबलावर आला तेव्हा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ज्याला आम्ही मेकॅनिक लोक नुसतं ईएचटी म्हणतो, तो कामातून गेलेला होता. वाइंडिंगवरचं मेण ओघळून चासीवर गोठलं होतं. बॅटरी मारून बघितलं तर बाहेरच्या कॉइलच्या कडेला सुईच्या टोकाएवढं काळं भोक. आतली वीज तिथून बाहेर पडली होती. व्हॉल्व्ह शाबूत, पिक्चर ट्यूब शाबूत, तरी संच गेला. व्हॉल्व्ह शोधला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली किंवा एखाद्या जुन्या मेकॅनिकचा डबा यांत कुठेतरी हाती लागतो. नेमक्या त्याच संचाचा ईएचटी मिळणं जवळजवळ अशक्य. कोल्हापुरात मोटर रिवाइंडिंगवाले पुष्कळ आहेत, पण पंधरा हजार व्होल्टची कॉइल भरणं हे त्यांचं काम नव्हे.

असं का होतं? कॉइलवरचं मेण आणि कागद वर्षानुवर्षं हवेतली ओल शोषतात, आणि कोल्हापूरच्या पावसाला ओल कमी नाही. संच चालवायचाच असेल तर फेब्रुवारी ते मेमध्ये काढा. मागचा पुठ्ठा उघडून, पिन न लावता, कपाटात चाळीस वॅटचा साधा बल्ब बाहेरच्या वायरीवर काही दिवस पेटता ठेवा. बल्ब लाकडाला आणि ट्यूबच्या काचेला टेकता कामा नये, आणि घरी कुणी नसताना तो बंद ठेवायचा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेला संच असेल तर हा खटाटोपही नको. त्याच्या कपाटाचं कपाट करा.

पुढचा धोका कंडेन्सरांचा. यांतल्या बऱ्याच संचांत रेक्टिफायरच्या जागी सिलिकॉन डायोड असतो. व्हॉल्व्ह तापायला अर्धा-एक मिनिट लागतं, डायोडला क्षणही लागत नाही. त्या मधल्या वेळात मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट चढून बसतात. चाळीस वर्षं सुकलेला कंडेन्सर ते सोसत नाही. फुगतो, कधी फुटतो. मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर तर तपासत बसू नका, सरळ बदला. किमान ६३० व्होल्टचे पॉलिस्टर घाला. सगळं झालं की पहिली वीज सिरीज बोर्डावरून, शंभर वॅटच्या बल्बमधून द्या. एलईडी बल्ब इथं कामाचा नाही, फिलामेंटचाच हवा. बल्ब भकभकून पेटला आणि मंदावलाच नाही, तर आत शॉर्ट आहे.

वीज दिली आणि एकही व्हॉल्व्ह पेटला नाही तर घाबरू नका. पी अक्षराचे व्हॉल्व्ह, पीसीएल ८२, पीवाय ८८ वगैरे, दिवाळीच्या माळेसारखे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एकाचं फिलामेंट तुटलं की सगळे अंधारात. उलट पीएल ५०४ ची आतली प्लेट लालभडक व्हायला लागली तर विचार करत बसू नका, स्विच बंद करा. आणि ती बारीक शिट्टी, सेकंदाला १५,६२५ कंपनांची, आली तर लाइनचा भाग चालू आहे. ती ऐकायला घरातलं लहान पोर जवळ बसवा. मला ती ऐकू येईनाशी होऊन बरीच वर्षं झाली.

आता जिवाची गोष्ट. या संचांत बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. चासी सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली. दोन पायांची पिन उलटी बसली की अख्खी चासी फेजवर. नॉब हरवलेला असेल तर बाहेर आलेला लोखंडी दांडाही फेजवर. "आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे" असं लोक मोठ्या विश्वासानं सांगतात. स्टॅबिलायझरमध्ये ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, तो वीज कमीजास्त करतो, वेगळी करत नाही. त्यासाठी एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो, आणि तो मात्र वाइंडिंगवाला बांधून देऊ शकतो. संच बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज बसून राहतो. ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाला जोडलेली अर्थची तार स्क्रू-ड्रायव्हरला बांधून, एक हात पाठीमागे ठेवून तो उतरवायचा. हे कधी केलं नसेल तर जाणत्याला बोलवा. ओल्या मंडपात, लोखंडी पाइपांच्या शेजारी असला संच चालू ठेवायला मी त्या पोरांना परवानगी दिली नसती, ईएचटी धड असता तरी.

एवढं करून दाखवायचं काय, हाही प्रश्न आहेच. दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग केंद्रं २०२२ पर्यंत बंद झाली. ॲन्टेना लावला तर नुसत्या मुंग्या दिसणार. सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडीचं चित्र व्हीएचएफ मॉड्युलेटरमधून द्यावं लागतं. ते जोडण्याआधी संचाच्या ॲन्टेना सॉकेटमागचे दोन छोटे कंडेन्सर नवे घाला. तेच चासीची वीज अडवून धरतात. ते गळके निघाले आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही नसला, तर केबलच्या वायरीवाटे फेज तुमच्या बॉक्सपर्यंत येते.

यातलं बरंचसं छापलेलं मिळत नाही. ते सत्तरी गाठलेल्या मेकॅनिकांच्या हातात आहे, आणि त्यांच्या दुकानातल्या फाटक्या सर्किट-पुस्तकांत. दुकान आवरताना घरच्यांनी ती पुस्तकं आणि व्हॉल्व्हचे डबे रद्दी-भंगारात घालू नयेत. आयटीआयच्या एखाद्या शिक्षकाला, नाहीतर अशा संचात रमणाऱ्या एखाद्या पोराला देऊन टाकावीत.