लहान होडीच्या तळाला लेप कोणता द्यावा?

मुंबई उपनगर जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याची सोबत आहे. पश्चिमेस वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी व गोराई हा किनारा आणि त्याच्या खाड्या. पूर्वेस घाटकोपर, भांडुप व मुलुंड यांना लागून असलेली ठाण्याची खाडी. कोळी बांधवांच्या लहान होड्या हे या किनाऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैभव होय. त्यांच्या जोडीला शिडाच्या लहान क्रीडानौकाही मुंबईच्या समुद्रात उतरू लागल्या. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईस झाल्या आणि फायरबॉल या सुमारे पाच मीटर लांबीच्या नौकेच्या गटात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. अशा नौका पाण्यात ठेवल्या जात नाहीत. दोन चाकांच्या ट्रेलरवरून त्या किनाऱ्यावर आणल्या जातात आणि काम संपताच पुन्हा जमिनीवर घेतल्या जातात.

होडी मासेमारीची असो वा हौसेची, तिच्या तळाला लेप कोणता द्यावा, हा प्रश्न प्रत्येक धन्यापुढे असतो. दुकानात गेल्यावर डांबरापासून तांबेयुक्त रंगापर्यंत अनेक डबे समोर येतात आणि बहुधा शेजाऱ्याने जे लावले तेच घेतले जाते. वास्तविक या निवडीचा पाया एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे: होडी सलग किती दिवस पाण्यात राहते?

पाण्याखाली काय घडते?

समुद्राच्या पाण्यात कोणताही पृष्ठभाग बुडाला की काही तासांतच त्यावर सूक्ष्म जीवांचा थर बसू लागतो. थोड्याच दिवसांत हा थर हाताला बुळबुळीत लागतो. त्यावर शेवाळ येते आणि पाण्यात तरंगणाऱ्या बार्नेकलच्या अळ्या चिकटतात. बार्नेकल हा खेकडा व कोळंबी यांच्या कुळातील प्राणी आहे. तो एकदा चिकटला की स्वतःभोवती चुनखडीचे कठीण कवच बांधतो आणि आयुष्यभर तेथून हलत नाही. थंड देशांत ही वाढ हिवाळ्यात मंदावते. मुंबईचे पाणी मात्र बारा महिने उबदार असते. पावसाळ्यात खाडीतील खारेपणा घटतो तेवढ्यापुरती काय ती उसंत मिळते.

तळ खडबडीत झाला की पाण्याचा अवरोध वाढतो. यंत्राच्या होडीस त्याच वेगासाठी अधिक इंधन जाळावे लागते, तर शिडाची होडी वारा असूनही रेंगाळते.

लाकडी होडीस याहूनही मोठा धोका टेरेडोपासून असतो. दिसावयास किड्यासारखा असला तरी हा शिंपल्याच्या वर्गातील प्राणी आहे. त्याची अळी लाकडात टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून शिरते आणि आत बोगदा करीत वाढते. वरून फळी धड दिसते आणि आतून ती पोखरलेली असते. लेपाला एक ओरखडा पडला तरी या अळीला तेवढी वाट पुरेशी होते.

पूर्वापार उपाय

या शत्रूंशी माणसाचा झगडा जुना आहे. चुना व तेल किंवा चरबी यांचे मिश्रण तळाला चोपडणे, राळ व तेल उकळून लावणे, मुशीच्या यकृताचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल मुरवणे, डांबराचा हात देणे हे पश्चिम किनाऱ्यावरील परिचित उपाय होत. ते स्वस्त आहेत. पण त्यांचा प्रभाव थोडा काळ टिकतो आणि लेप वारंवार द्यावा लागतो. होडी वरचेवर किनाऱ्यावर ओढली जात असे, म्हणूनच ही पद्धत निभावून गेली.

मोठ्या जहाजांसाठी वेगळा मार्ग शोधावा लागला. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. तांब्याचा अंश पाण्यात विरघळत राहतो आणि तो जीवांना चिकटू देत नाही, हा त्यातील गुण होता. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आजच्या बहुसंख्य वाढरोधक रंगांत तोच गुण तांब्याच्या ऑक्साइडच्या रूपाने वापरला जातो.

वाढरोधक रंग आणि त्याची मर्यादा

बाजारात ‘अँटीफाउलिंग’ या नावाने मिळणारे हे रंग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला कठीण प्रकार: याचा थर तसाच राहतो आणि त्यातील तांबे हळूहळू बाहेर झिरपते. असा रंग दीर्घकाळ हवेत उघडा राहिला की त्याची शक्ती क्षीण होते. दुसरा झिजणारा प्रकार: याचा पृष्ठभाग पाण्याच्या घर्षणाने थोडाथोडा विरत जातो व नवा थर उघडा पडतो. तो मऊ असल्याने ट्रेलरच्या रुळांवर व आधारफळ्यांवर घासून निघतो, वाळूवर ओढताना तर पहिल्याच दिवशी खरवडला जातो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. जी होडी रात्री जमिनीवर झोपते तिला या रंगाचा लाभ जवळजवळ काहीच होत नाही, उलट खर्च व वजन मात्र वाढते. तांबेयुक्त रंग जड असतो; त्याच्या एका लिटरचे वजन दीड ते दोन किलो भरते. मुलांच्या ऑप्टिमिस्ट या शिडाच्या बोटीचा सांगाडा अवघा ३५ किलोचा असतो. तिच्या तळाला असा रंग फासणे म्हणजे उचलणाऱ्या मुलांवर विनाकारण भार टाकणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमवर थेट लावू नये. खाऱ्या पाण्यात दोन धातूंचा संपर्क आला की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते.

विष कोठे जाते?

जो रंग बार्नेकलला मारतो, तो खाडीतील इतर जीवांना ओळखून सोडीत नाही. याचा कटू अनुभव जगाने घेतला आहे. १९६० नंतर ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग असलेले रंग प्रचारात आले. ते अत्यंत प्रभावी ठरले. पण फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरातील कालवांची शिंपले विद्रूप होऊ लागली, त्यांची वीण खुंटली आणि त्यांवर जगणारा व्यवसाय संकटात आला. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान नौकांवर या रंगास बंदी घातली. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये याविषयी करार संमत केला व तो २००८ मध्ये अमलात आला. भारतही २०१५ मध्ये या करारात सहभागी झाला. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रिन या दुसऱ्या विषारी घटकावरही बंदी आली आहे. म्हणून अनोळखी, नाव नसलेल्या डब्यातील स्वस्त रंग घेणे टाळावे.

तांब्यावर अशी बंदी नाही. परंतु कालवांच्या शरीरात तांबे साठत जाते, हे सिद्ध झाले आहे. उपनगरांतील खाड्यांच्या काठी ओहोटीच्या वेळी कालवे व तिसऱ्या वेचणाऱ्या कोळी भगिनींची मिळकत आणि त्यांच्या घरचे अन्न याच चिखलातून येते. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य असून २०२२ मध्ये तेथील पाणथळ क्षेत्रास रामसर यादीत स्थान मिळाले. तेव्हा गरज नसताना तळाला विष लावू नये आणि गरज असल्यास त्याची खरवड खाडीत पडू देऊ नये, हा स्वार्थ व परमार्थ दोन्ही साधणारा नियम होय.

जमिनीवर राहणाऱ्या होडीसाठी

ट्रेलरवर ठेवलेल्या फायबरग्लासच्या होडीला तिचा मूळ गुळगुळीत जेलकोट पुरेसा असतो. तो धुऊन, ओरखडे भरून, त्यावर पॉलिश द्यावे. जेलकोट जुना होऊन भुकटला असेल तर इपॉक्सीचे अस्तर व त्यावर दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात द्यावेत. हा लेप कठीण असतो आणि ट्रेलरवरील घर्षण सोसतो. मात्र तो सतत पाण्यात राहण्यासाठी नसतो. होडी अनेक दिवस सलग पाण्यात राहिली तर त्यावर फोड येतात.

इपॉक्सीचा गुण याच्या उलट आहे. ती पाण्यास उत्तम अडविते, पण उन्हाने भुकटते. होडी सुलटी, ताडपत्रीखाली राहत असेल तर तळ सावलीत असतो व नुसती इपॉक्सी चालते. होडी वाळूवर उलटी घालून ठेवण्याची रीत असेल, तर इपॉक्सीवर पॉलियुरेथेनचे कवच आवश्यक ठरते.

लाकडी होडीला इपॉक्सीत भिजविलेल्या काचकापडाचे आच्छादन देता येते. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूड औषधप्रक्रिया करून व वर फायबरग्लासचे आच्छादन देऊन लहान होड्यांसाठी वापरण्याचे प्रयोग केले आहेत. आच्छादनापूर्वी लाकूड पूर्ण वाळलेले असले पाहिजे. ओलावा आत कोंडला गेला तर लाकूड आतल्या आत कुजते.

पाण्यात राहणाऱ्या होडीसाठी

खाडीत नांगरून ठेवलेल्या होडीस वाढरोधक रंग टाळता येत नाही. फायबरग्लासच्या तळाला प्रथम इपॉक्सीचे अस्तर द्यावे. कारण दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास जेलकोटमधून पाणी झिरपून फोड येतात. त्यावर तांबेयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. नाळ, सुकाणू व पाण्याची रेघ येथे घर्षण अधिक असल्याने तेथे तिसरा हात द्यावा. लाकडी होडीत हा लेप म्हणजे टेरेडोपासूनचे संरक्षण होय, म्हणून पठाणाच्या खालची बाजू व फळ्यांचे सांधे सुटू नयेत.

रंगाचे प्रमाण काढण्याचा सोपा हिशेब असा: पाण्यालगतची लांबी, गुणिले रुंदी व पाण्यातील खोली यांची बेरीज. उथळ व निमुळत्या होडीसाठी आलेल्या संख्येचा पाऊण हिस्सा धरावा. ४ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि ०.२ मीटर खोल बुडणाऱ्या होडीचे क्षेत्र या हिशेबाने सुमारे ५ चौरस मीटर येते. एक लिटर रंग साधारणपणे १० चौरस मीटरला पुरतो. म्हणजे एका हातास अर्धा लिटर पुरे. मोठा डबा घेऊन उरलेला रंग वाया घालविण्याचे कारण नाही.

काम केव्हा व कसे करावे?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी रंग देण्याची घाई उडते. पण मुंबईची हवा तेव्हा सर्वाधिक दमट असते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना बहुतेक रंग नीट धरत नाहीत. म्हणून होडी वर घेताच, वाढ ओली असतानाच, ती खरवडून गोड्या पाण्याने धुवावी; वाळल्यावर तेच काम दुपटीने कठीण होते. इपॉक्सीचे काम शक्य तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत उरकावे. तळात ओल आहे की नाही हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूस थेंब दिसले तर अजून थांबावे.

पुढील काळजी अवश्य घ्यावी:

१. जुना वाढरोधक रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर व पाणी वापरावे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी व हातांत मोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे.

२. खाली ताडपत्री अंथरून खरवड गोळा करावी व ती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. भरतीवर सोडून देऊ नये.

३. दोन घटकांच्या रंगात हार्डनर डब्यावरील प्रमाणात मोजून घालावा. अंदाजाने घातलेला हार्डनर लेप चिकट किंवा ठिसूळ करतो.

४. इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर येणारा तेलकट थर साध्या पाण्याने धुऊन मगच काचकागद मारावा.

पाणी बदलताना

ट्रेलरवरील होडीचे एक वैशिष्ट्य असे की ती आज मार्व्याच्या खाडीत, तर उद्या खडकवासल्याच्या जलाशयात उतरू शकते. तिच्याबरोबर नको असलेले जीवही प्रवास करतात. मायटिलॉप्सिस ही परकी शिंपली १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळली आणि नंतर मुंबईच्या गोदीतही पोहोचली. जलपर्णीचा तुकडाही असाच ट्रेलरला अडकून जातो. यास्तव प्रत्येक वेळी होडी पाण्याबाहेर येताच तळ, सेंटरबोर्डची खाच व ट्रेलर गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. लहान होडीला दिलेला हा सर्वांत स्वस्त लेप समजावा.

सारांश, रोज वर येणाऱ्या होडीला गुळगुळीत व कठीण त्वचा आणि बादलीभर गोडे पाणी पुरते. आठवडाभर पाण्यात राहणाऱ्या होडीचा तळ इपॉक्सीचा असावा आणि तो दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावा. पंधरवड्याहून अधिक काळ नांगरलेल्या होडीलाच वाढरोधक रंग द्यावा. डबा विकत घेण्यापूर्वी होडीच्या धन्याने गेल्या वर्षी ती किती दिवस पाण्यात होती याचा हिशेब मांडल्यास पैसा वाचेल, होडी टिकेल आणि खाडीतील कालवांवर ज्यांचे पोट आहे त्यांच्या अन्नात विष जाणार नाही.