ट्रॅक्टरच्या पाण्यांत तेल : परीक्षा व उपाय

रेडिएटरच्या पाण्यावर तपकिरी साय दिसली, तर ती गंज समजून नुसतें पाणी बदलूं नये. ही चूक आम्हीं ऐन पेरणींत केली. आठवड्यांत इंजिनाचीं बेअरिंगें गेलीं व वाफसाही निघून गेला.

परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झांकण काढावें. गरम असतां काढल्यास उकळतें पाणी अंगावर उसळतें. सायीचा थेंब कागदावर वाळवावा. तेलकट, पारदर्शक डाग राहिल्यास तें तेल. कोरडी तांबूस भुकटी राहिल्यास गंज.

नंतर डिपस्टिक पाहावी. तेल दुधाळ असल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. मग इंजिन क्षणभरही चालवूं नये, मिस्त्रीस बोलवावें.

तेल स्वच्छ असल्यास झांकण उघडें ठेवून थंड इंजिन थोडा वेळ चालवावें. पाण्यांत सतत बुडबुडे आल्यास हेड गॅस्केट फुटलें असावें किंवा हेडास चीर गेली असावी. बुडबुडे नसल्यास व इंजिनास ऑइल कूलर असल्यास प्रथम संशय त्याचा घ्यावा. कारण चालू इंजिनांत तेलाचा दाब पाण्याहून अधिक असतो.

दुरुस्तीनंतर रेडिएटर व इंजिनाचे जलमार्ग धुवावे. तेलानें फुगलेल्या रबरी नळ्या बदलाव्या. पेरणीपूर्वीं एवढी पाहणी प्रत्येकानें करावी, हीच विनंति.